उकंडाजी शेवंतीचं स्थळ पाहतात

उकंडाजींकडे शेवंतीची काशी मागायला जाणाऱ्याने अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आणि सोबत एखादं वडीलधारं माणूस घेऊन जावं, असा आमच्या किन्हीराजाचा रिवाज होता. काशी म्हणजे शेवंतीच्या मुळाशी फुटणारं पिलू. ते वेगळं करून दुसरीकडे लावलं की नवं झाड होतं. इतर गावांत अशी काशी कुंपणावरून हात घातला की मिळते. आमच्याकडे तिच्यासाठी बैठक बसायची.

बैठक उकंडाजींच्या विहिरीवर. उकंडाजी घोंगडी अंथरत, सुपारी कातरत, पाऊसपाण्याचं बोलत, बैलांची चौकशी करत, आणि समोरचा माणूस जरा सैलावला की एकदम विचारत, "बरं, आंगनाचं तोंड कुनीकडं हाय?"

"पूर्वेकडं."

"ऊन?"

"भरपूर."

"भरपूर तं मसनातई राह्यते. सकाळचं किती, दुपारचं किती, ते सांगा."

मग पाणी. न्हाणीचं पाणी तिकडून जातं का. जातं तर वाहतं का साचतं. मग घरात बकऱ्या किती. मग शेण गाईचं का म्हशीचं. उकंडाजींचा शेवंतीबद्दलचा सिद्धांत एका ओळीचा होता आणि तो ते दिवसातून अनेकदा ऐकवत: "पाय ओले पाह्यजे अन् डोस्क्यावर ऊन पाह्यजे. ओल पाह्यजे, चिखल नाही." एवढं एका अंगणात जुळून येणं किती कठीण आहे, हे आम्हाला त्यांच्या चौकशा ऐकूनच कळलं. मुलींची लग्नं त्या मानाने भराभर जुळत.

एकदा आमच्या गावचे पटवारी आले. डोक्यावर टोपी होती, पण सोबत वडीलधारं कोणी नव्हतं, तिथेच त्यांची पहिली चूक झाली. बाकीचं सगळं जुळलं. ऊन होतं, पाट होता, बकऱ्या नव्हत्या. शेवटी उकंडाजींनी विचारलं, "पानी कोन घालते?"

"गडी घालतो."

उकंडाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "गडी घालते म्हंजे कोनीच घालत नाही," ते म्हणाले. "स्थळ चांगलं हाय साहेब, पन पोरीचं मन नाही."

पटवाऱ्यांनी पुढे कित्येक दिवस उकंडाजींच्या बांधाचं भांडण मिटवलं नाही, आणि उकंडाजींनी त्यांना काशी दिली नाही. दोघंही आपापल्या जागी समाधानी होते.

बरं, काशी मिळाली की सुटलो, असं समजणाऱ्याला उकंडाजी कळलेच नाहीत म्हणायचे. लावल्यापासून आठवड्याच्या आत ते येऊन ठेपत. वेळ त्यांना काहीही चाले. तुम्ही ताटावर असा, नाहीतर घरात पाहुणे असोत, ते "जेवा, जेवा, तुमचं काही काम नाही," म्हणत सरळ परसात जात. मातीत बोट खुपसून पाहत. पानं उलटी करून माव्याची कीड पडली का बघत. झाड सुकलेलं दिसलं तर कंबरेचं खुरपं काढत, मुळासकट झाड उचलत, ओल्या फडक्यात गुंडाळत आणि काखेत मारून चालू लागत. भांडण नाही, तंटा नाही. आमच्या शिंप्याने कडुलिंबाच्या सावलीत लावलेलं झाड त्यांनी असंच नेलं. शिंपी मागे धावला तेव्हा एवढंच म्हणाले, "सावलीत तुमी बसा. तुमाले फुलं कुठं येनार हाय!"

उकंडा हे नाव आमच्याकडे हौसेने ठेवत नाहीत. आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवतात आणि उकंडा म्हणतात. असलं पोर यमाला नकोसं होतं, अशी समजूत. उकंडाजींना या नावाचा अभिमान होता. "लोकाइच्या नावात देव राह्यते," ते म्हणत, "माह्या नावात खत हाय." आणि त्यांची बाग पाहिली की यावर बोलायची सोय नसे. गावाबाहेर, नाल्याच्या अंगाला त्यांची विहीर. मोटेचं पाणी थारोळ्यात पडून पाटाने जाई, त्या पाटाच्या दोन्ही बाजूंना अर्धा एकर शेवंती. अख्ख्या शिवारात इतकी ओलीची आणि इतकी उन्हाची जमीन दुसरी नव्हती. त्या जमिनीत मिरची झाली असती, हळद झाली असती, ऊससुद्धा झाला असता. हे त्यांना सगळ्या गावाने सांगून झालं होतं. ते ऐकून घेत आणि शेवंतीला तुराटीचा आधार लावत.

त्यातून शेवंती म्हणजे उशिराचं फूल. दसऱ्याला गावाला फुलं लागत, उकंडाजींकडे नुसती पानं. दिवाळीला लागत, उकंडाजींकडे कळ्या. देवळाचे पुजारी दर वर्षी विहिरीवर जाऊन विचारत आणि दर वर्षी उकंडाजी बोटाने एक हिरवी गोळी दाखवून म्हणत, "येऊन राह्यली." तुळशीचं लग्न होऊन गेलं, गावातला उत्साह संपला, लोक कापसाच्या वेचणीला लागले, सकाळी अंगावर घोंगडी घ्यावी लागू लागली, की मग ती शेवंती फुले. पिवळी, पांढरी, तांबूस. अर्धा एकर नुसतं फूल, आणि एकही सण नाही. झेंडूबद्दल त्यांना मनस्वी तिटकारा होता. "झेंडू म्हंजे सरकारी नौकर. तारीख आली का हजर," असं त्यांचं मत.

ती मुळात उशिराची; उकंडाजी तिला आणखी उशीर करवत. श्रावणात झाड जरा वर आलं की ते रोज सकाळी प्रत्येक झाडाचा शेंडा नखाने खुडत. बघणाऱ्याचा जीव कळवळे. ते म्हणत, "शेंडा खुडला का झाडाले समजते, वर जाऊन काही फायदा नाही. मंग ते चारी आंगानं फुटते." मी वाशीमला मॅट्रिकला नापास होऊन घरी आलो, तेव्हा आमच्या बाबांची त्यांनी याच शब्दांत समजूत घातली होती. "खुडला गेला पोरगा. आता चारीकडून फुटन." बाबांनी बरीच वर्षं वाट पाहिली. मी अजून पाहतो आहे.

एवढी फुलं, पण विकणं नाही. पोत्याने फुलं न्यायला तयार असलेला व्यापारी त्यांनी परत पाठवला. फुलं मिळत ती फक्त गावच्या लेकींना. माहेरी आलेल्या, नाहीतर अजून लग्न न झालेल्या. सुनांना नाही. यावरून सुनांनी एकदा विहिरीवर मोर्चाच नेला. "आमाले काहून नाही?" उकंडाजी म्हणाले, "तुमच्या गावात तुमच्यासाठी कोनी लावली नाही का? मंग त्याले जाऊन भांडा."

आता इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. उकंडाजींना एक मुलगी होती, द्वारका. बायको लवकर गेली, मुलगी त्यांनीच वाढवली, आणि पैनगंगेपलीकडे, निजामाच्या मुलखात दिली. वर्षाच्या आत ती सासरी वारली. काय झालं ते धड कोणाला कळलं नाही. ताप म्हणाले. शेवंती त्यानंतरची. उकंडाजी द्वारकेचं नाव काढत नसत आणि गावही विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच.

गावातल्या मुलीचं लग्न ठरलं की तिला मात्र काशी न मागता मिळायची. तिची चौकशी नव्हती. चौकशी व्हायची ती वरपक्षाची, आणि तीही ऐन मांडवात. माझ्या धाकट्या बहिणीच्या, वच्छलेच्या लग्नात हे मी स्वतः पाहिलं. नवरा मुलगा केनवडचा. घराणं मोठं, जमीन मोठी, आमचे व्याही त्याहून मोठे. पंगत बसलेली, व्याही पाटावर, वाढपी बुंदी घेऊन उभा, आणि उकंडाजी समोर उकिडवे बसून विचारताहेत, "न्हानीचं पानी कुनीकडून जाते तुमच्या घरी?"

व्याह्यांना वाटलं, हात धुवायला विचारताहेत. त्यांनी मांडवाचा कोपरा दाखवला.

"इथलं नाही. केनवडचं. साचते का वाहते?"

सगळं समजल्यावर व्याही लाल झाले. "आमी पोरगी नेऊन राह्यलो का झाड?"

"दोनी," उकंडाजी म्हणाले. वच्छला निघाली तेव्हा तिच्या ओटीत नारळ होता आणि मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली काशी. व्याह्यांनी बैलांच्या दमणीत बसताना तिच्याकडे, म्हणजे फडक्याकडे, फार वाईट नजरेने पाहिलं.

आणि मग उकंडाजी ती झाडं पाहायला जात. गावोगाव. कोणाच्या बाजाराच्या गाडीत बसून, नाही तर पायी. बाप लेकीच्या सासरी असा उठला की गेला, असं आमच्यात नसतं. भाऊ जातो तोही सणाला, मुराळी म्हणून, तिला आणायला. ओट्यावर बसतो, चहा घेतो, मोठ्यांशी बोलतो आणि मोठ्यांनी पाठवली तर घेऊन येतो. पण एक म्हातारा शेवंतीचं झाड पाहायला आला आहे म्हटल्यावर त्याला कोणी काय म्हणावं? लोक हसत, सुना तोंडाला पदर लावत, आणि ते हसणं संपायच्या आत उकंडाजी परसात पोचलेले असत.

एकदा मी त्यांच्यासोबत कामरगावला गेलो होतो. तिथे आमच्या शेजारची गंगू दिलेली. न्हाणीजवळ झाड होतं, जवळच गंगू भांडी घासत होती. उकंडाजी झाडासमोर बसले आणि झाडाशी बोलू लागले.

"पानी येरवाळी, येळेवर भेटते का?"

"भेटते काका," गंगू राखेचा हात न थांबवता म्हणाली.

"मार तं लागत नाही कशाचा?"

"नाही काका. बोलनं लागते."

"बोलनं चालते. थोडी थंडी खाल्ल्याबिगर शेवंती फुलत नाही. रात्री उघडी तं पडत नाही?"

"गोधडी हाय काका."

हे झाडाचं चाललेलं नाही, एवढं माझ्यासारख्या मॅट्रिक नापासालाही समजलं. परत येताना मी तसं बोलूनही दाखवलं. उकंडाजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "झाडाचंच बोलून राह्यलो होतो," ते म्हणाले. "तुह्या डोस्क्यात भलतंच येते, म्हनून तं मॅट्रिक राह्यली."

लग्नाच्या पहिल्या दिवाळीला मी केनवडला वच्छलेला आणायला गेलो. ओट्यावर सतरंजी होती, चहा झाला, पोहे झाले. वच्छला पाणी घेऊन आली, डोक्यावरून पदर, शेजारी सासू. मी विचारलं, "बरी हायेस?" ती म्हणाली, "हाव." व्याही म्हणाले, वेचणी चालू आहे, माणसं कमी आहेत, या खेपेला राहू द्या. मी परत आलो आणि घरी सांगितलं, बरी आहे. सांगण्यासारखं दुसरं मला काही दिसलं नव्हतं.

तिथून महिन्याने रहीमचाचा आमच्याकडे आले. हे मणियार. तट्टावर बांगड्यांच्या माळा लादून आमच्या वाशीमकडच्या मालेगावपासून रिसोडपर्यंतची गावं करत, आणि त्या टापूतल्या एकूण एक बाईचं मनगट त्यांना तोंडपाठ होतं. मायच्या हातात बांगडी चढवता चढवता ते म्हणाले, "भाबी, खोटं कायले बोलू. केनवडले गेलतो. वच्छलेचा हात उतरला. लग्नात अडीचची भरली होती, आता सव्वादोनची ढिली होते. अन् पोरगी हसत नाही. पहिले बांगडी भरताना लय हसे."

मायने हात ओढून घेतला. बांगडी फुटली. रहीमचाचा "अल्ला" म्हणाले आणि काच वेचू लागले.

त्या दिवशी आमच्या घरी जेवण झालं नाही. बाबा म्हणत होते, बोलावल्याशिवाय जायचं कसं, आणि जाऊन म्हणायचं काय. मणियार सांगतो म्हणून पोरगी परत मागायची? दुसऱ्या दिवशी सकाळी माय उठली, डोक्यावर पदर घेतला आणि सरळ उकंडाजींच्या विहिरीवर गेली. मागून मी.

मार्गशीर्ष होता. शेवंती ऐन भरात. मधमाश्यांचा नुसता घोळ. या दिवसांत उकंडाजी बाग सोडून गावातही येत नसत, तिथेच खोपीत राहत. माय बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची शेवंती केनवडले हाय. खूप दिवस झाले, कोनी पाह्यली नाही."

उकंडाजींनी तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. खोपीतून फेटा घेतला, खुरपं कंबरेला खोचलं आणि मला म्हणाले, "दमनी जुंप." फुलांकडे त्यांनी एकदा पाहिलं. तेवढंच. राखणीला कोणी ठेवलं नाही. आम्ही नाल्यापर्यंत पोचलो तेव्हा गावातल्या दोन सुना त्या वाटेने निघालेल्या मी पाहिल्या.

मालेगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी केनवड गाठलं. बाजाराचा दिवस होता. व्याही ओट्यावर बसून कोणाला तरी कापसाचा भाव सांगत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "काय काढलं?"

"शेवंती पाहाले आलो," उकंडाजी म्हणाले आणि जोडे काढून आत गेले. व्याही उठेपर्यंत ते माजघर ओलांडून परसात होते. विहीणबाई त्यांच्यामागे, मी विहीणबाईंमागे.

आणि तिथे पंचाईत झाली. झाड उत्तम होतं. नुसतं उत्तम नाही, उकंडाजींच्या विहिरीवर नव्हतं असं. कंबरेएवढं, तुराट्यांनी सावरलेलं, पिवळ्या फुलांनी लगडलेलं. उकंडाजींनी पानं उलटून पाहिली, मावा नाही. मातीत बोट घातलं; ओल होती, चिखल नव्हता. मान वर करून ऊन पाहिलं, तेही बेतशीर. तक्रारीला कुठे जागाच नव्हती.

विहीणबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाहून घ्या बाप्पा. आमच्या घरी कोनालेच काही कमी नाही."

तेवढ्यात वच्छला घागर घेऊन विहिरीकडून आली. ओट्यावर पदराआड पाहिलेली वच्छला आणि उन्हात पाहिलेली वच्छला यात फरक होता. गळ्याची हाडं वर आली होती. बांगड्या गळून पडू नयेत म्हणून तिने कोपरापर्यंत वर सरकवल्या होत्या.

उकंडाजी झाडासमोर बसले. "जेवते का?" त्यांनी झाडाला विचारलं.

वच्छलेने घागर खाली ठेवली.

"झाड कायचं जेवते!" विहीणबाई म्हणाल्या.

"झोपते का?"

वच्छलेने वाकून झाडाचं एक पिवळं पान तोडलं आणि ते चुरत उभी राहिली. सासू हातभर अंतरावर होती. उकंडाजी गुडघ्यांवर हात ठेवून उठले, विहीणबाईंकडे वळले, आणि शेवंतीवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या माणसाने माझ्यादेखत पहिल्यांदाच शेवंती सोडून दिली.

"माय, झाड लय चांगलं हाय. मंग पोरगी काहून सुकली?"

विहीणबाईंचा आवाज चढला. तुम्ही कोण, तुम्हाला काय करायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला. तो आवाज ऐकून व्याही आले. मागून जावई आला, डोक्यावर कापसाचं गाठोडं तसंच, आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला. व्याही म्हणाले, "तुमी झाड पाहाले आले ना? पाह्यलं?"

"पाह्यलं. त्याची काही तक्रार नाही. झाड राहू द्या. पोरगी नेतो."

"तुमी तिचे कोन?"

"कोनी नाही."

"मंग?"

"मंग काय? बसतो," उकंडाजी म्हणाले, आणि न्हाणीच्या दगडावर बसले.

न्हाणीच्या दगडावर परका पुरुष बसला म्हणजे काय होतं, ते ज्यांच्या घरी मोठा बायकांचा कारभार आहे त्यांनाच कळेल. घरातल्या बायकांच्या अंघोळी राहिल्या. धुणं राहिलं. भांडी राहिली. दोन जावा दाराआडून डोकावून परत गेल्या. शेजारच्या भिंतीवर आधी एक डोकं दिसलं, मग चार, आणि बाजाराला आलेली माणसं गल्लीत थांबून आत काय आहे ते एकमेकांना विचारू लागली. उकंडाजी कोणाशी बोलत नव्हते, भांडत नव्हते. ऊन डोक्यावर आलं तसा त्यांनी फेटा जरा पुढे ओढला.

दुपारी व्याह्यांनीच आवाज बदलला. लोक पाहताहेत हे त्यांना दिसत होतं. तांब्या भरून आणवला, गुळाचा खडा ठेवला. "बुढे मानूस तुमी. सकाळपासून उन्हात बसले. पानी तं घ्या."

"नाही."

"अहो, पान्याशी कायचं भांडन?"

"भांडन नाही. पोरीच्या घरचं पानी मी घेत नाही."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण ती बापाला. उकंडाजी आमच्या भावकीतलेही नव्हते. भिंतीवरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाप हाय काय वो तो तिचा?" व्याह्यांच्या हातात तांब्या तसाच राहिला. वच्छला इतका वेळ दाराशी उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्यांचं गाठोडं होतं. तिला कोणी अडवलं नाही. व्याही म्हणाले, "संक्रांतीले आनून घाला." विहीणबाई, हरलेलं माणूस काहीतरी बोलतं तशा, म्हणाल्या, "अन् हे झाड?"

"पानी घालत जा," उकंडाजी म्हणाले. "मी येईन पाहाले."

पुढचं थोडक्यात सांगतो. संक्रांतीला आम्ही तिला पाठवली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जावई एकटा आला, बाबांसमोर बसून रडला, आणि मालेगावला जिनिंगमध्ये नोकरी धरून वच्छलेला वेगळं घेऊन राहिला. तिथे तिला तीन मुलं झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी केनवडची शीव ओलांडली तेव्हा उन्हं कलली होती. पहिला नाला लागला तशी उकंडाजींनी दमणी थांबवायला लावली. खाली उतरले, पाण्यात उभे राहिले आणि ओंजळीने पाणी प्यायला लागले. किती वेळ पीत होते. बैलांचं पिऊन झालं तरी त्यांचं चालूच होतं. वर येऊन बसले तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं.

वच्छला म्हणाली, "दिवसभर तहानेले बसले काका. घोटभर पेले असते तं कोन काय म्हननार होतं? तुमी काही माहे बाबा नाही."

दमणी चढण चढून सपाटीला लागली. मग उकंडाजी म्हणाले, "द्वारकीच्या घरी पेलो होतो."

ते नाव त्यांच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"एकदाच गेलो तिच्या घरी. त्याच्या आंधी कोनी बोलावलं नाही, म्हनून गेलो नाही. मंग मानूस आला निरोप घेऊन. तिले मसनात पोचवून आलो तं तिच्या सासऱ्यानं तांब्या देल्ला. म्या हात पुढं केला, अन् मंग आठवलं का आपल्याले इथलं पानी चालत नाही. मंग म्हटलं, आता काय हरकत हाय. आता हे कोनत्या पोरीचं घर हाय? अन् पेलो." ते थांबले. "चांगलं पानी होतं वच्छे. ओलीचं आंगन होतं, ऊन होतं. सगळं होतं तिथं."

मी बैल हाकत होतो, मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. वच्छला रडत असलेली ऐकू येत होती, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. उकंडाजींनी तिला उगी राहा म्हटलं नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते स्वतःही रडत होते, आणि मी बैल हळू केले.